सालीखालचा गंज

मांडीचं हाड मोडल्यापासून बाबांना उकिडवं बसता येत नाही. त्यांनी अंगणातलं स्टूल ओढलं, गाडीच्या डाव्या दाराशी टेकले आणि दाराच्या खालच्या कडेला रंगाचा एक फोड आला होता तो अंगठ्यानं दाबला. पापड मोडावा तसा तो मोडला. आतून विटकरी भुकटी घरंगळली आणि त्यांच्या पायावर पडली.

"तांबेरा," मी म्हणालो. आधीच शरमलो होतो, म्हणून जरा गमतीनं.

"तांबेरा नोय हा. तांबेरा पानावर येते. दिसते, फवारलं का जाते. हे सालीखाली हाय." त्यांनी भुकटी चिमटीत चोळून पाहिली. "हा डिंक्या."

वरूडमध्ये डिंक्या हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही. संत्र्याच्या झाडाला जमिनीतली बुरशी बुंध्याकडून लागते आणि साल आतून कुजवत जाते. बाहेर दिसतो तो नुसता डिंकाचा ओघळ. तो दिसेपर्यंत आत वीतभर साल गेलेली असते, आणि कुजणं बुंध्याला गोल वेढा घालून आलं तर पुढच्या बहाराला झाड फळांनी लगडतं आणि त्याच्या पुढच्या वर्षी वाळतं. त्या लगडण्याला भुलून माणूस खूश होतो, हे त्यातलं वाईट. उपाय जुनाच आहे. धारदार चाकूनं कुजकी साल खरवडायची, निरोगी भाग लागेस्तोवर, आणि वर बोर्डो मलम लावायचं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचं, लोखंडाचं भांडं चालत नाही. मिसळल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असं समजायचं.

(हे बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं शहर. तिकडचे बागाईतदार रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद-चुन्याचा निळा शिडकावा करत, वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की नेमक्या त्याच वेलींना केवडा लागलेला नाही. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला.)

गाडी घेतली ती बाबांसाठीच. बाग शेंदुरजना घाटाच्या बाजूला, घरापासून आठ-नऊ किलोमीटर. पन्नास वर्षं ते आधी सायकलनं, मग लुनानं, मग माझ्या मागे बसून रोज बागेत गेले. हाड जुळून आलं, पण मोटारसायकलवर टांग टाकणं गेलं ते गेलंच. दोन महिने त्यांनी घरी काढले. तिसऱ्या महिन्यात ते रोज सकाळी धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसायला लागले. कुठं जायचं म्हणून नाही, नुसते तयार होऊन. ते मला पाहवेना.

नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. कनिष्ठ महाविद्यालयातली माझी नोकरी आहे, पण बागेचं कर्ज तिच्या आधीपासूनचं आहे. वरूडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणायची पद्धत आहे. म्हणणारे बहुतेक वेळा बाहेरचे असतात. बांगलादेश हे आमच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक. त्यांनी आयात शुल्क चढवत नेलं तसा इथला ठोका उतरत गेला. बाग व्यापाऱ्याला ठोक्यानं देताना त्याच्या तोंडून आकडा ऐकायचा आणि मान खाली घालायची, असे दोन-तीन हंगाम गेले होते. अशात कळलं की बँकेतले एक साहेब बदलीवर चाललेत आणि त्यांची जुनी मारुती विकायची आहे. १९९८ ची ८००, पांढरी. किंमत बावीस हजार. बावीस हजारांत हल्ली म्हैस येत नाही.

साहेब मूळचे रत्नागिरीचे. गाडीची पाटी एमएच ०८. ती पाटी पाहून मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

इंजिनाबद्दल मला भीती नव्हती. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर, चार गिअर. त्यात बिघडण्यासारखं आहे काय? १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी सोडतीत नंबर लागलेल्या हरपाल सिंग यांच्या हातात पहिल्या मारुतीची किल्ली दिली, आणि जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून शेवटची ८०० निघाली. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. त्यामुळे तिचा प्रत्येक नट कुठल्या पान्यानं सुटतो, हे मोर्शीपासून मुलताईपर्यंतच्या प्रत्येक मिस्त्रीला पाठ. सामान अमरावतीत मिळतं, आणि नवीन नाही मिळालं तर भंगारात मिळतं. पांढुर्णा रस्त्यावरच्या आमच्या मिस्त्रीनं ती चालू करून कान लावला, दोनदा अॅक्सिलेटर दिला आणि म्हणाला, "इंजनले काई नाई झालं भाऊ. घोडा हाय. पण तुमी घोडा घेतला का खोगीर, ते पाहा."

मग त्यानं खिशातून चुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधलं, गोल. दारावर ठेवलं, चिकटलं. चाकावरच्या कमानीवर ठेवलं, पडलं. दाराखालच्या पट्टीवर ठेवलं, पडलं. पुट्टीला चुंबक धरत नाही. डाव्या बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ते एकाच जागी टिकलं. गाडीची बाजू पत्र्याची नव्हतीच म्हणायची, पुट्टीची होती आणि वर रंग होता. सौदा करायच्या आधी आठ आण्याचं चुंबक नेलं असतं तर पाच हजार तरी वाचले असते. पण गाडी पाहायला गेलेला माणूस डॅशबोर्ड पाहतो, सीट पाहतो, टेप वाजतो का ते पाहतो. खाली वाकून कोणी पाहत नाही.

लोखंड गंजायला पाणी नि हवा पुरते, पण मीठ असलं की ते काम धावत होतं. खाऱ्या हवेचा ओलावा पत्र्याच्या सांध्यांत बसतो, आणि एकदा बसला की तिथून निघत नाही. तांब्यावर हिरवा कळंक चढतो, अॅल्युमिनिअमवर पातळ पापुद्रा येतो; ते आतल्या धातूला झाकून ठेवतात. लोखंडाचा गंज भुसभुशीत. तो झाकत नाही, उलट पाणी धरून ठेवतो, आणि मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून रंगाला आतून ढकलतो. बाबांनी फोडला तो फोड असा तयार झालेला. आमच्याकडच्या गाड्यांना हे दुखणं फारसं नाही. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गंजायला ओल हवी ना! इथं मरतं ते रबर. दाराच्या बिडिंगा, होजपाइप, वायपर, बुश, सगळं भाकरीसारखं कडक होतं आणि तडकतं. कोकणात पत्रा जातो, वऱ्हाडात रबर. आमच्या गाडीनं दोन्हीकडचं भोगलं होतं.

डेंटिंगचं काम ज्या चाचांनी केलं ते सत्तरीचे आहेत. त्यांनी आधी सीट काढायला लावली, चटई काढायला लावली, बॅटरीची तार सोडवली आणि ओल्या पोत्यांचा ढीग शेजारी ठेवला. पाय ठेवायच्या जागचा पत्रा त्यांनी टोच्यानं टोचून पाहिला. टोचा आरपार गेला आणि खाली गॅरेजातली जमीन दिसली. साहेब रत्नागिरीहून इथवर त्या भोकावर पाय ठेवून गाडी चालवत आले होते.

दाराखालची पट्टी फोडली तेव्हा पुट्टीच्या आत कागद निघाला. भोक मोठं असलं की पुट्टी आत पडते, म्हणून आधी कागदाचा बोळा कोंबायचा, ही जुनी युक्ती आहे. बोळा मी उलगडला. वर्तमानपत्राचं अर्धं पान होतं, गंजानं कडा खाल्लेलं, आणि त्यात चौकटीत भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या. मी ते घरी आणून बाबांना दाखवलं. त्यांनी समुद्र एकदाच पाहिला आहे, मुंबईत, मोर्चाला गेले होते तेव्हा. ते बराच वेळ वाचत बसले. "पाणी येते-जाते त्याचा टाइम असते का," त्यांनी विचारलं. अप्पर वर्धा धरणाचं पाणी कालव्याला कधी सुटणार, हे पेपरात छापून यावं असं त्यांना वर्षानुवर्षं वाटत आलं आहे.

चाचांचं म्हणणं, गंजकं सगळं कापून टाका. बाबांचं म्हणणं वेगळं. ते रोज रिक्षानं गॅरेजवर येऊन बसू लागले होते. ओट्यावर तयार होऊन बसणं बंद झालं, हा गाडीचा पहिला उपयोग. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून आपला डिंक्याचा चाकू काढला. आखूड पात्याचा, मूठ चिंधीनं बांधलेला. चाकाच्या कमानीवरचा गंज ते खरवडू लागले. चाचा आधी हसले. मग काम थांबवून पाहत राहिले. बाबा पातं तिरपं धरत, थोडं खरवडत, बोट फिरवत, पुन्हा थोडं. पत्रा चमकायला लागला की त्याच्या पलीकडे बोटभर जात आणि थांबत. "इथून पुढं चांगला हाय. चांगल्याले हात नाई लावाचा." जिथं चाचांनी वीतभर तुकडा कापला असता, तिथं चार बोटांत भागलं. जिथं पातं धसत गेलं, तिथं मात्र त्यांनी स्वतःच मान हलवली आणि चाचांनी कात्री चालवली. नवीन पत्रा बसवून गॅसच्या बारीक झोतानं टाके घातले. पातळ पत्र्याला झोत मोठा झाला की भोक बुजायच्या ऐवजी वाढतं.

दोन म्हाताऱ्यांचं छान जमलं. एकाला गंज कळत होता, दुसऱ्याला साल.

मी काय केलं? पैसे दिले आणि पॉलिश पेपर घासला. एक काम मात्र माझं म्हणून सांगतो. दारांच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात, कारखान्यातूनच ठेवलेली. काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून गळावं म्हणून. चार दारांची सगळी भोकं माती आणि जुन्या रंगानं बुजली होती. ती मी सायकलच्या आऱ्यानं मोकळी केली. एका दारातून, डिसेंबर महिन्यात, पेलाभर पाणी निघालं. ते कधीचं होतं कोणास ठाऊक. एवढी भोकं कोणी वर्षातून एकदा टोकरली असती, तर दारं गेलीच नसती.

खालून रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर काळं अंडरकोटिंग. वरून रंग द्यायची वेळ आली तेव्हा माझा हात आखडला. पूर्ण गाडी रंगवायचे पंधरा हजार सांगितले. मी जोडकाम झालं तेवढ्यालाच पांढरा हात मारून घेतला, आणि तो पांढरा मूळच्या पांढऱ्याशी जुळला नाही. कोडाचे डाग असावेत तशी गाडी दिसते. सहकारी म्हणाले, एवढं केलं तर रंगही करायचा होता. मला ते पटत नाही. सजवलेली जुनी गाडी आणि चालती जुनी गाडी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. हरपाल सिंग २०१० मध्ये वारले, ती पहिली मारुती दिल्लीत त्यांच्या घराबाहेर उभी राहून गंजत गेली, पुढे कंपनीनं ती नव्यासारखी करून आपल्या मुख्यालयात ठेवली. चांगलं झालं. पण ती आता कोणाला बाजारात नेणार नाही. सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे गावी, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चारचाकी उभी केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि २०२२ च्या जानेवारीत तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो मिळाली. बोलेरो आली हे बरंच झालं. तरी वाटतं, त्या घरातल्या लेकरांना किक मारून निघणाऱ्या गाडीची आठवण येत असेल.

कागदांचं काम निराळं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमच्या गाडीची मुदत २०२३ मध्ये भरत होती. पूर्वी त्याला सहाशे रुपये लागत. एप्रिल २०२२ मध्ये ते पाच हजार झाले, पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण २०२१ मध्ये आलं, ते आणणारे मंत्री आमच्याच विदर्भातले. शहराच्या हवेचा विचार केला तर त्यात खोट काढता येत नाही. माझी गाडी धूर जास्त सोडते, हे मला मान्य आहे. पण दिवसाला अठरा किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या जागी नवी गाडी घडवायला किती लोखंड वितळवावं लागेल, तोही धूर कुठंतरी निघणारच. हा हिशेब मी मांडून पाहिलेला नाही, सोयीचा आहे म्हणून मानतो. तपासणीच्या दिवशी बॉनेटखालच्या पत्र्यावरचा चेसिस नंबर कागद ठेवून पेन्सिलीनं उमटवतात. सगळी गाडी घासली, तेवढी जागा आम्ही घासली नव्हती. तिथं फक्त तेलाचं बोट फिरवत राहिलो. तो नंबर गंजानं खाल्ला असता, तर गाडी रस्त्यावर उभी असूनही कागदावर मेली असती.

यानंतर ती सुरळीत चालली असं लिहायला आवडलं असतं. पहिल्याच महिन्यात मोर्शीच्या अलीकडे आचके देऊन बंद पडली. पेट्रोलचा फिल्टर काढला तर आत गेरू कालवल्यासारखं. आम्ही बाहेरचा गंज काढला होता, टाकीच्या आतला विसरलो होतो. गाडी अनेक महिने अर्ध्या टाकीवर उभी होती. वरच्या रिकाम्या जागेत ओल धरली आणि टाकी आतून खपल्या सोडू लागली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, शिवाय जुन्या रबरी नळ्या त्यानं फुगतात. आमच्या ऊसवाल्या भावांचं भलं होवो, पण १९९८ च्या कार्बोरेटरला हे कोणी विचारलं नव्हतं. टाकी उतरवली, आत मूठभर गिट्टी आणि पाणी घालून मिस्त्रीच्या पोऱ्यानं ती तासभर खुळखुळवली. नळ्या बदलल्या. तेव्हापासून मी टाकी होता होईल तो भरलेली ठेवतो.

दुरुस्तीचा एकूण खर्च अडतीस हजार. गाडीपेक्षा दुरुस्ती महाग, हे घरात कळलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "अहो, मग बावीस हजार कशाचे दिले?" मला उत्तर सुचलेलं नाही.

सकाळी सातला निघतो. बाबा पुढे बसतात, मांडीवर पिशवी. वीस मिनिटांत बाग. मी त्यांना आणि गाडीला तिथंच सोडून महाविद्यालयात जातो, दुपारी आणायला येतो. आंबिया बहाराच्या तोडणीत मागची सीट काढून कॅरेट भरतो. बागेत बाबा आता चालत फार फिरत नाहीत. धुऱ्यावरच्या निंबाखाली गाडी लावून दार उघडं ठेवायचं आणि आत बसून पाहायचं. तिथून त्यांना कुठल्या ओळीतल्या झाडाचा शेंडा पिवळा पडला ते दिसतं. मजुरांना ते हाका मारून सांगतात, हात गाडीच्या छतावर आपटून.

आता मुख्य फजिती. गेल्या वर्षी मृगाच्या आधी बुंध्यांना मलम लावायचं होतं. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर लावतात. मी दुकानातून पाच किलो मोरचूद घेतलं, डिकीत टाकलं. पिशवीला बारीक भोक होतं, ते मला दिसलं नाही. त्याच दिवशी बाजारातून आणलेली ओली भाजी तिथंच ठेवली. मग परीक्षेचं काम निघालं आणि डिकी आठ दिवस उघडलीच नाही.

उघडली तेव्हा तळाच्या नव्या पत्र्यावर, चाचांनी टाके घातलेल्या, रेड ऑक्साइड लावलेल्या, मी घासलेल्या पत्र्यावर, निळसर चिखल वाळून बसला होता. तो धुऊन काढला. जिथं रंगाला चरे होते तिथं पत्रा तांबूस चमकत होता, नव्या गडव्यासारखा. बोटानं पुसला की ते तांबं निघून यायचं आणि खाली खड्डा.

बाबांना दाखवायचं धाडस होईना. पण बागेत डिकी उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ते काठी टेकत मागे आले, वाकता येईल तेवढे वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला आला. हसत होते.

"अरे, मलमात विळा बुडवून पाहाचा असते," ते म्हणाले. "तू त गाडीच बुडवली."

आणि पिशवीत हात घालून चिंधीच्या मुठीचा चाकू शोधू लागले.